शिक्षेचे दफ्तर

पोर्ट ब्लेअरच्या सेल्युलर जेलमध्ये जाणारा मराठी माणूस बहुधा एका कोठडीच्या ओढीने जातो. १९११ ते १९२१ या काळात सावरकर तिथे बंदी होते. कोलू, फटक्यांची तिकटी, फाशीघर पाहताना परक्या सत्तेचा संताप येतो आणि ते सारे संपले याचे समाधानही वाटते. संताप रास्त आहे. समाधान मात्र तपासून घ्यायला हवे. क्रौर्याची अवजारे पाहून ते कोणा क्रूर माणसाचे काम होते असे वाटू लागते. प्रत्यक्षात बरेचसे क्रौर्य नियमांत लिहिलेले आणि वहीत नोंदलेले होते. शिक्षेच्या संग्रहालयाने अवजारांइतकेच हे दफ्तरही दाखवले पाहिजे.

अंदमानची बंदिवसाहत १८५८ साली उठावातील कैद्यांना घेऊन सुरू झाली. १८९० मध्ये लायल आणि लेथब्रिज या अधिकाऱ्यांनी तिची पाहणी केली. काळ्या पाण्याचा धाक उरला नाही, तेव्हा सुरुवातीचा काळ कडक एकांतवासाचा असावा, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यातून १८९६ ते १९०६ या काळात कैद्यांच्याच श्रमांतून हा तुरुंग उभा राहिला : मधला मनोरा, त्याभोवती सात इमारती, एकेकट्यासाठी जवळपास सातशे कोठड्या आणि एका इमारतीच्या तोंडाशी दुसरीची पाठ. कैदी कैद्याला दिसू नये हे नकाशातच ठरलेले होते. कोलूवर रोज तीस पौंड तेल काढण्याचा नेम होता आणि बढती मिळालेले कैदीच वॉर्डर किंवा पेटी ऑफिसर होऊन तो पुरा करून घेत. जेलर बारी कुप्रसिद्ध झाला ते योग्यच. पण त्याच्या जागी सौम्य माणूस असता तरी नेम तोच राहिला असता.

यावर आक्षेप येईल की १९७९ पासून हे राष्ट्रीय स्मारक आहे. १९३३ च्या उपोषणात बळजबरीने अन्न घालताना महावीर सिंग, मोहित मोईत्रा, मोहन किशोर नामदास यांचे प्राण गेले, त्यांच्या पंगतीला खुनी आणि दरोडेखोर कशाला? मान ज्याचा त्याला मिळावाच. पण तुरुंग पुरा झाला १९०६ साली आणि अलीपूर बॉम्ब खटल्यातले क्रांतिकारक तिथे पोहोचले १९०९ मध्ये. म्हणजे हा साचा घडवला होता साध्या गुन्हेगारासाठी. क्रांतिकारक त्यात नंतर घातले गेले. साधा कैदी वगळला तर क्रांतिकारकांनी काय सोसले याचाही अर्थ अपुरा राहतो. मग गुन्ह्याने ज्यांचे घर उजाडले त्यांचे काय, हा प्रश्न अधिक अवघड आहे. त्यांचे दुःखही संग्रहालयात यावे. मात्र शिक्षा कशी दिली जाते हे तपासणे म्हणजे गुन्हा माफ करणे नव्हे. शिक्षा त्यांच्याच नावाने दिली जाते, म्हणून तर ती तपासायची.

दफ्तर दाखवण्याचे खरे कारण आजच्या काळात आहे. सेल्युलर जेलचे बांधकाम सुरू होण्याआधीचा, १८९४ चा तुरुंग कायदा स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशके आपल्या तुरुंगांचा पाया राहिला. अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावलींत जातीनुसार कामे वाटणारी कलमे होती. ती घटनाबाह्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ३ ऑक्टोबर २०२४ चा आहे. देशातील कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आजही कच्चे कैदी आहेत, म्हणजे दोष सिद्ध होण्याआधीच आत आहेत. सहकुटुंब आलेल्या पर्यटकाला कागदपत्रे रुक्ष वाटतील, ही भीती अनाठायी आहे. प्रत्येक नियमापुढे तो केव्हा लागू झाला आणि केव्हा रद्द झाला एवढ्या दोन तारखा लिहिल्या तरी पुरे. २०२१ पासून येरवडा कारागृहातही पर्यटन सुरू झाले आहे. गांधीजींच्या आणि पुणे कराराच्या आठवणींशेजारी असा फलक तिथे सहज लागू शकेल. क्रौर्याची जबाबदारी तेव्हा केवळ साहेबावर टाकता येणार नाही. जे नियम आपण बदलले त्यांचे श्रेय आपले, आणि जे तसेच ठेवले त्यांचा जाबही आपणच द्यायचा, हे पाहणाऱ्याला कळेल.