ऊन हा कोणता ताप?

तापत्रय हा शब्द आपण कीर्तनात इतक्या वेळा ऐकतो की त्याचा अर्थ विचारायचे राहूनच जाते. स्वतःच्या देहामनातून उठतो तो आध्यात्मिक ताप, इतर प्राण्यांकडून पोहोचतो तो आधिभौतिक, आणि दैवाकडून येतो तो आधिदैविक. सांख्यमताच्या भाष्यकारांनी थंडी, ऊन, वारा, पाऊस, वीज ही सगळी तिसऱ्या खात्यात घातली आहेत. म्हणजे ऊन हे देवाघरचे. त्याचा जाब कोणाला विचारणार? सोसावे, झाले.

आजच्या उन्हाला ही वाटणी लागू पडते काय, हा प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

यंत्रयुग सुरू होण्यापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड वायूचे सुमारे २८० भाग असत. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. ही भर मुख्यतः कोळसा आणि तेल जाळल्याने पडली. हा वायू पांघरुणासारखा पृथ्वीची ऊब बाहेर निसटू देत नाही. नोंदी सुरू झाल्यापासून २०२४ पर्यंतच्या सालांत २०२४ हेच सर्वांत उष्ण ठरले. यंत्रयुगापूर्वीच्या मानाने जगाची सरासरी त्या वर्षी सुमारे दीड अंश सेल्सिअसने चढी होती. दीड अंश ते काय, असे कोणी म्हणेल. अहो, आपल्या अंगात तेवढा ताप चढला तर आपण घोंगडी ओढून निजतो!

तेव्हा सूर्य तोच असला तरी त्याच्या तापात आता माणसाचा हात मिसळला आहे. देवाच्या खात्यावर मांडलेली ही रक्कम बरीचशी आपल्या खात्यावर घ्यावी लागेल. बरे, जाळतो एक आणि होरपळतो दुसराच. भर वैशाखात वीटभट्टीवर राबणारी बाई किंवा डांबर पसरणारा मजूर यांच्या दारी ना मोटार, ना घरी गारव्याचे यंत्र. या तापात त्यांचा वाटा सर्वांत थोडा आणि त्यांच्या वाट्याला तो सर्वांत जास्त.

यावर एक आक्षेप हमखास येतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी अर्जुनाला शीतोष्ण सहन करायला सांगितले आहे, मग उन्हाची एवढी तक्रार कशाला? आम्हांला हा आक्षेप वरवरचा वाटतो. तितिक्षा हे साधकाने स्वतःच्या देहापुरते घेतलेले व्रत आहे. आपण मांडवात बसून उन्हातल्या माणसाला “सोस बाबा” म्हणणे, ही तितिक्षा नव्हे. त्याला निष्ठुरपणा म्हणतात.

आणि देह काही भाव पाहून नियम बदलत नाही. घाम वाळतो तेव्हा अंग निवते. हवा दमट असली म्हणजे घाम वाळत नाही, नुसता ओघळतो, आणि आतली उष्णता आतच राहते. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर एका सन्मान-सोहळ्यासाठी लाखो श्रद्धावंत भर उन्हात तासन्‌तास बसले होते. त्यांतले १४ जण उष्माघाताने गेले. जून २०२४ मध्ये मक्केच्या यात्रेत १,३०० हून अधिक यात्रेकरू दगावले. त्यांतले बहुतेक परवान्याविना आलेले, निवारा नसलेले, उन्हातून लांबवर चालत गेलेले होते. त्यांची श्रद्धा कमी पडली असे म्हणायची कोणाची छाती आहे? कमी पडली ती सावली.

खुद्द पंढरीत काय चालते पाहा. चैत्रापासून मृगापर्यंत देवाला चंदनाची उटी लावतात. सगुण रूपाला ऊन लागते, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या मानीत आलो. मग दर्शनबारीत उभी असलेली म्हातारी कोणाचे रूप आहे? नाथांनी रामेश्वराला नेण्याची कावड तापल्या वाळूत तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती केली, ती कथा सांगताना आपले डोळे पाणावतात. पण दिंडीच्या हिशेबात मंडपाच्या कापडाचा खर्च आला की हात आखडतो.

कोळशाचा प्रश्न सरकारांचा आणि कारखान्यांचा आहेच. तो त्यांना विचारीत राहिले पाहिजे. पण चैत्री वारीच्या वाटेवर दुपारी ११ ते ४ चालायचे की झाडाखाली भजन करायचे, हे दिंडीप्रमुखांच्याच हाती आहे. कोणी बरळू लागला, अंग भट्टीसारखे तापले, झोक जाऊ लागला, तर “दमला असेल” म्हणून सोडू नये. सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा, आणि त्याच वेळी दवाखान्याची गाडी बोलवावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत उतरते. तीर्थसुद्धा नाही.