व्हय कोणी म्हटलं?

आमच्या गावात गाऱ्हाणं घालायचं म्हणजे नारळ पुढे ठेवून मानकरी देवासमोर उभा राहतो आणि सगळ्या गावाच्या वतीनं बोलू लागतो. पाऊसपाणी, भात, मासळी, गुरंढोरं, आजारी माणूस, मुंबईत गेलेला चाकरमानी, कोणी सुटत नाही. त्याचं वाक्य संपलं की मागचे सगळे हात जोडून एका सुरात, "व्हय म्हाराजा!" लहानपणी मला ते नुसतं पालुपद वाटायचं. आता वाटतं, सगळी मेख त्या 'व्हय'मध्येच आहे. एकाचं बोलणं सगळ्यांचं कधी होतं? आणि ते अंगाशी आलं तर दोष कोणाच्या माथी?

हा प्रश्न मला देवळात नाही पडला. तो घरात पडला, कामगारनेते डॉ. दत्ता सामंतांवरून.

डॉक्टर आमच्याच किनाऱ्यावरचे, देवबागचे. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. घाटकोपरच्या पंतनगरात त्यांचा दवाखाना होता. दगडखाणींतले मजूर तपासता तपासता ते युनियनमध्ये आले. 1972 साली काँग्रेसच्या तिकिटावर आमदार झाले, आणि 1975 च्या आणीबाणीत त्याच काँग्रेसच्या राजवटीनं त्यांना तुरुंगात टाकलं.

आमदाराला घटनेनं शपथेत सवड दिली आहे. ईश्वरसाक्ष म्हणा, नाहीतर गांभीर्यपूर्वक म्हणा. आमच्या मानकऱ्याला ती सवड नाही. पण आमदारकीतली खरी गोची वेगळीच. मतदार व्हय म्हणतो एकदाच, मतपेटीपाशी. मग पाच वर्षं आमदार काय बोलतो त्याला 'व्हय' म्हणायला मागे कोणी नसतो, डोक्यावर पक्षाचा व्हिप मात्र असतो. कारखान्याच्या गेटवरच्या कामगारसभेत दर वाक्याला जबाब मिळतो. माझा आपला अंदाज, ज्याला त्या जबाबाची सवय लागली त्याला सभागृह मुकं वाटत असणार.

मुंबईच्या कापड गिरण्यांत तर याहून अजब. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानं मालकाशी बोलायचा हक्क एकाच मान्यताप्राप्त युनियनला, म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. कामगार मनानं कोणाच्याही मागे असोत! मानकरी कायद्यानं ठरवलेला, आणि मागचे लोक तोंड मिटून. म्हणून तर ते डॉक्टरांकडे गेले. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात माझे बाबा.

आईकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात मनीऑर्डरींची कुपनं आहेत, बाबांच्या अक्षरातली. 'तब्येत ठीक. मुलांना शाळेत धाडणे.' शेवटचं कुपन जानेवारी 1982 चं, दीडशे रुपयांचं. त्यानंतर डब्यात सोसायटीच्या कर्जाची चिठ्ठी आणि बांगड्या गहाण टाकल्याची पावती. बाबा त्या मे महिन्यात वळकटी घेऊन घरी आले आणि माडांना शिंपणं करू लागले. गिरणीनं त्यांना परत घेतलं नाही.

सामंतांना त्यांनी कधी शिवी दिली नाही. कोणी दिली तर म्हणायचे, "व्हय म्हटलंव आमी. डॉक्टरान काय हात धरून नेल्यान?" मला यात गीतेहून जास्त काही दिसायचं. फळाची आशा सोडणं एक वेळ जमेल. आपण दिलेल्या होकाराचं ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर न टाकणं, ते अवघड. बाबा एकटेच तसे नव्हते. 1984 च्या डिसेंबरात, इंदिराबाईंच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट होती, आणि त्या लाटेत दक्षिण-मध्य मुंबईनं सामंतांना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवलं. संप बुडाला होता तरी लोकांनी पुन्हा व्हय म्हटलं. 16 जानेवारी 1997 ला पवईत डॉक्टरांना गोळ्या घातल्या, त्या रात्री बाबा जेवले नाहीत.

आईनं त्यांना वाढलं, ताट तसंच उचललं, आणि म्हणाली, "तुमी व्हय म्हटल्यात. माका कोणी इचारल्यान?"

बाबा गप्प राहिले. मीही.

गाऱ्हाण्यात निदान तान्ह्या पोराचाही उल्लेख होतो. अर्थात देवळातही बायका मागेच उभ्या असतात आणि मानकरी ठरावीक घरातलाच असतो, हे मला ठाऊक आहे; देवळाचे गोडवे मी गात नाही. पण बांगड्या ज्या हातांतून उतरल्या त्या हातांचा 'व्हय' कोणीच मागितला नव्हता. ना युनियननं, ना आमदारानं, ना खुद्द बाबांनी.

बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांना जे कळलं होतं त्याचा मला अभिमान आहे. पण या वादात मी आईच्या बाजूचा आहे.