वासराच्या जागी कोकरू

विजयादशमीला म्हैसूरची जंबू सवारी, म्हणजे दसऱ्याची हत्तींची मिरवणूक, राजवाड्यापासून निघते ती बन्नीमंटपापर्यंत. पूर्वी महाराज इथल्या शमीच्या पूजेला येत. आता रात्री मैदानावर मशालींची कवायत होते आणि ती पाहायला गाव लोटते. याच बन्नीमंटपात, बंगळूर रस्त्याला लागून, 1946 साली सुरू झालेले सेंट फिलोमिना कॉलेज आहे. 2025 मध्ये विजयादशमी 2 ऑक्टोबरला आली. कॅथलिक दिनदर्शिकेत तो रक्षक देवदूतांचा दिवस. त्या दिवशीच्या मिस्सेत मत्तयच्या शुभवर्तमानातला अठराव्या अध्यायाचा उतारा वाचतात. शिष्य विचारतात, स्वर्गाच्या राज्यात मोठा कोण? येशू एका लहान मुलाला बोलावून सगळ्यांच्या मध्ये उभे करतो. रस्त्यावर साडेसातशे किलोची सोन्याची अंबारी आणि वेदीजवळ मोठेपणाविषयीचा हा प्रश्न! हा योग कोणी जुळवून आणलेला नव्हता. फादरांना आवडला म्हणून तो उतारा निवडला गेला नव्हता, दसऱ्याला शोभेल म्हणून तर नाहीच. तारखेने तो पुढ्यात ठेवला.

कॅथलिकांच्या रोजच्या चिंतनाची सगळी गंमत, आणि अडचणही, इथेच आहे. उतारा आपण निवडायचा नाही. आगमनकाळापासून नवे वर्ष सुरू होते, मग नाताळ, भस्म बुधवार, प्रायश्चित्तकाळ, पुनरुत्थानकाळ आणि मध्ये पसरलेला सामान्यकाळ. या चाकोरीत जो उतारा ज्या दिवशी येईल त्याच्याशी त्या दिवशी सामना करायचा.

सुरुवातीला इतकी बांधणी नव्हती. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर रोममध्ये जस्टिन नावाच्या तत्त्वज्ञाने रविवारच्या सभेचे वर्णन लिहून ठेवले आहे. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांची लिखाणे वेळ पुरेल तितकी वाचायची, मग प्रमुखाने त्यावर बोलायचे. पुढे सणांचे उतारे ठरत गेले, प्रांतोप्रांती वेगळे. ट्रेंटच्या परिषदेनंतर 1570 साली पाचव्या पायसने मिस्साग्रंथ एकसारखा केला. वाचन लॅटिनमध्ये, दरवर्षी तेच ते उतारे आणि जुन्या करारातले फारच थोडे. समोर बसलेल्याला त्यातले किती कळत होते, हा प्रश्न युरोपातही होता. गोव्यात तर तो उंबरठ्यावरच उभा राहिला.

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात उतरला आणि साष्टीत राहिला. त्याने लिहिलेले 'ख्रिस्तपुराण' 1616 साली रायतूरला छापले गेले. अक्षरे रोमन, भाषा मराठी, छंद ओवी आणि विस्तार जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा. ग्रंथाच्या आरंभी एक प्रसंग आहे. धर्मशिक्षण चालू असताना एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला म्हणतो की आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हाला दुसरी का देत नाही? स्टीफन्सने ही मागणी मनावर घेतली. त्याने बायबलचे भाषांतर केले नाही. 'पैले पुराण' आणि 'दुसरे पुराण' अशा दोन भागांत त्याने जुना आणि नवा करार कथेसारखा सांगितला. रविवारी आणि सणाला, मिस्सा संपल्यावर, देवळात ते वाचले जाई. वेदीवर लॅटिन आणि त्यानंतर ओवी. उतारा आणि त्यावरचे चिंतन वेगळे न ठेवता एकात एक विणण्याची ही रीत त्या काळच्या युरोपातल्या प्रवचनांपेक्षा पुढची होती, असे म्हणायला हरकत नाही. 1684 मध्ये पोर्तुगीज सरकारने देशी भाषा सोडून देण्याचे फर्मान काढले, तरी ग्रंथ हस्तलिखितांतून टिकला.

तो दक्षिणेकडेही गेला. 1784 साली टिपू सुलतानाने कानडा किनाऱ्यावरच्या हजारो कॅथलिकांना पकडून श्रीरंगपट्टणला नेले. तो भस्म बुधवार होता, अशी त्या समाजाची आठवण आहे. म्हणजे कॅलेंडरच्या ज्या दिवशी कपाळाला राख लावायची, त्याच दिवशी घरदार सुटले. पंधरा वर्षांच्या त्या बंदिवासात लॅटिन मिस्सा कुठली आणि पाद्री तरी कुठला? ख्रिस्तपुराणाने लोकांना तग धरायला बळ दिले, असे मंगळूरकडे सांगतात. त्यातली दंतकथा किती आणि इतिहास किती, हे बाजूला ठेवले तरी 1907 साली ग्रंथाची आधुनिक आवृत्ती मंगळूरहूनच निघाली, हा योगायोग नव्हे. श्रीरंगपट्टण बन्नीमंटपापासून त्याच बंगळूर रस्त्यावर, पंधरा किलोमीटरच्या आत आहे.

टिपू 1799 मध्ये पडला आणि उरलेल्या ख्रिस्ती लोकांची घडी बसवायला एक फ्रेंच मिशनरी श्रीरंगपट्टणला आला. त्याचे नाव आबे द्युब्वा. अंगावर देशी वेष, जेवण शाकाहारी. हिंदू चालीरीतींवरचे त्याचे पुस्तक आजही छापले जाते. त्याचे दुसरे पुस्तक मात्र कमी वाचले जाते. भारतातल्या ख्रिस्ती धर्माच्या स्थितीवरची ती पत्रे 1823 साली लंडनला प्रसिद्ध झाली, आणि त्याच वर्षी तो कायमचा परत गेला. त्या काळात सेरामपूरचे प्रॉटेस्टंट मिशनरी एकामागून एका भाषेत बायबल उतरवत होते. मराठीत मत्तयचे शुभवर्तमान 1805 मध्ये आले होते. द्युब्वाचा या उद्योगाला कडकडीत विरोध होता. कोरा मजकूर हातात दिला तर इथला माणूस शिसारी येऊन पुस्तक मिटेल, असे त्याचे म्हणणे.

पुरावा म्हणून त्याने स्वतःचाच अनुभव दिला आहे. एकदा त्याने उधळ्या पुत्राच्या दाखल्यावर प्रवचन केले. घरी परतलेल्या मुलासाठी बाप पोसलेले वासरू कापतो, हे त्याने जसेच्या तसे सांगितले. नंतर मंडळीतल्या लोकांनी त्याला बाजूला घेऊन समजावले की वासराचा उल्लेख बरा नव्हे. ऐकणाऱ्यांत कोणी हिंदू असता तर काय वाटले असते? पुढच्या वेळी वासराच्या जागी कोकरू म्हणा.

सल्ला व्यवहारी होता, पण दाखल्यात वासरू काही शोभेला आलेले नाही. थोरला भाऊ रागावतो तो याच हिशोबावरून. इतकी वर्षे राबलो, मित्रांबरोबर मजा करायला मला साधे करडू मिळाले नाही, आणि सगळे उडवून आलेल्या याच्यासाठी वासरू? तिथे कोकरू घातले की करडू आणि कोकरू जवळपास सारखेच होऊन बसतात. थोरल्याची तक्रार पोकळ ठरते आणि बापाच्या उधळ्या प्रेमाची धारही जाते. हा दाखला प्रायश्चित्तकाळाच्या दुसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी वाचतात. जुन्या लॅटिन मिस्साग्रंथातही त्याचा दिवस हाच होता. म्हणजे दरवर्षी तोच शनिवार येणार आणि तेच वासरू पुढ्यात उभे राहणार.

द्युब्वाने यातून काढलेला निष्कर्ष, की हा मजकूर इथे चालायचाच नाही, चुकीचा ठरला. पण सांगणाऱ्याशिवाय मजकूर मुका राहतो, हे त्याचे निदान खरे होते. त्यावरचा उपाय साष्टीत दोनशे वर्षांपूर्वीच करून झाला होता, आणि ज्या गावात तो घडी बसवायला आला त्याच गावातल्या बंदिवानांना त्याची ओळख होती, असे सांगतात.

रोमला हे कळायला आणखी वेळ लागला. 1943 मध्ये बाराव्या पायसने कॅथलिक अभ्यासकांना मूळ भाषांतून बायबलचा अभ्यास करायला मोकळीक दिली. 4 डिसेंबर 1963 ला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेवरचा दस्तऐवज मंजूर केला. बायबलचे भांडार अधिक सढळ हाताने उघडावे आणि प्रवचन हा उपासनेचाच भाग मानावा, असे त्यात ठरले. 1969 च्या आगमनकाळापासून नवी वाचनमाला लागू झाली. रविवारसाठी तीन वर्षांचे चक्र आले, त्यात पहिल्या वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक. इतर दिवशी सामान्यकाळात पहिले वाचन दोन वर्षांच्या फेऱ्याने, शुभवर्तमान दरवर्षी तेच. स्तोत्रे सोडून जुन्या करारातला पूर्वी जेमतेम एक टक्का भाग मिस्सेत वाचला जाई, तो तेरा टक्क्यांच्या वर गेला. नवा करार सोळा-सतरा टक्क्यांवरून सत्तरच्या पुढे पोचला. वाचन आपापल्या भाषेत होऊ लागले आणि रोजचे चिंतन लिहिण्याची गरज खरी तेव्हापासून जाणवू लागली, कारण आता लोकांना ऐकलेले कळत होते, खटकतही होते.

भारतात या बदलाला आकार दिला तो फादर डी. एस. अमलोरपवदास यांनी. 1967 मध्ये त्यांनी बंगळूरला बायबल, धर्मशिक्षण आणि उपासना यांचे राष्ट्रीय केंद्र उभे केले. 1974 साली तिथे एक परिसंवाद झाला. इतर धर्मांच्या ग्रंथांनाही उपासनेत जागा देता येईल का, हा त्याचा विषय. रोमने तशी परवानगी दिली नाही. अमलोरपवदास पुढे म्हैसूर विद्यापीठात ख्रिस्ती धर्माच्या अध्यासनावर आले, चामुंडी टेकडीच्या पायथ्याशी त्यांनी अंजली आश्रम वसवला आणि 1990 मध्ये रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. स्टीफन्सने पुराणाचा साचा घेतला होता. हे तर उपनिषदांनाच वाचनमंचावर आणू पाहत होते. दोघांत धाडस कोणाचे मोठे, याचा निकाल लावणे कठीण आहे.

वासराचे कोकरू करण्याचा मोह मात्र फक्त द्युब्वाच्या मंडळीतल्या भाविकांना झाला असे नाही. 1971 मध्ये धर्मगुरूंचा दैनंदिन प्रार्थनाग्रंथ नव्याने निघाला तेव्हा 58, 83 आणि 109 ही तीन स्तोत्रे त्यातून पूर्ण वगळली गेली. शत्रूला दिलेले शाप आजच्या कानांना झेपणार नाहीत, म्हणून. दिनदर्शिकाही अशीच तासली जाते. संत फिलोमिनाचे नाव सर्व दिनदर्शिकांतून काढण्याची सूचना रोमने 1961 मध्ये दिली. म्हैसूरच्या कॅथीड्रलने आणि बन्नीमंटपाच्या कॉलेजने ते नाव सोडलेले नाही. 11 ऑगस्टला तिचा सण आजही होतो. लोकांना जे धरून ठेवायचे ते ते ठेवतात.

मराठीत या कामाला मोठी पूर्वपीठिका आहे. 'निरोप्या' 1903 पासून निघतो, वसईची 'सुवार्ता' 1955 पासून. 'सुवार्ता'चे संपादन दीर्घकाळ करणाऱ्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'ला 2013 चा साहित्य अकादमी अनुवाद पुरस्कार मिळाला. शांताराम बंडेलू यांनी 1956 सालीच ख्रिस्तपुराण पुण्यातून देवनागरीत आणले होते. इतके हाताशी असताना, सकाळी मोबाइलवर येणारी बरीचशी चिंतने मात्र इंग्रजीतून उचललेली आणि कोणत्याही उताऱ्याला चिकटवता येतील अशा उपदेशाची असतात. प्रेम करा, क्षमा करा, विश्वास ठेवा. उतारा कुठला होता, हे शेवटच्या ओळीपर्यंत आठवतही नाही. रोजचे वाचन ठरवून दिले ते माणसाने सोयीच्या ओळींतच घुटमळू नये म्हणून. चिंतन लिहिणाराच अवघड ओळ गाळून पुढे गेला तर त्या तीन वर्षांच्या चक्राचा खटाटोप कशासाठी?

2027 मध्ये उधळ्या पुत्राचा शनिवार 27 फेब्रुवारीला आहे. त्या दिवसाचे चिंतन लिहायला बसणाऱ्यांनी बापाच्या मिठीवर थांबू नये. थोरल्याची तक्रार पूर्ण ऐकून घ्यावी, आणि वासराला वासरूच म्हणावे.