स्किप करण्याआधी

मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये १०६२ क्रमांकाची एक एरर आहे. तिचा अर्थ साधा: या क्रमांकाची नोंद इथे आधीच आहे, दुसरी घेणार नाही.

नोंदीला सहसा एक प्रायमरी की असते, म्हणजे एका टेबलात एकदाच वापरता येणारा क्रमांक. मोठ्या सेवा मूळ डेटाबेसच्या प्रती ठेवतात. त्यांना रेप्लिका म्हणतात. मूळ सर्व्हरवर काय बदललं हे बायनरी लॉगमध्ये लिहिलं जातं. रेप्लिका तो लॉग वाचते आणि तेच बदल स्वतःवर करते. लॉग म्हणतो '५०१ लिही', पण रेप्लिकाकडे ५०१ आधीच आहे. अशा वेळी ती थांबते.

कारणं निरनिराळी असतात. कुणीतरी थेट रेप्लिकावरच लिहिलेलं असतं. किंवा दोन्ही सर्व्हर एकाच वेळी नोंदी घेत असतात. किंवा सर्व्हर अचानक बंद पडल्यावर रेप्लिका आधी केलेलाच बदल पुन्हा करू बघते. या शेवटच्या प्रकारात दोन्ही नोंदी सारख्याच असतात, बिघडत काही नाही. पण पहिल्या दोन प्रकारांत एक ५०१ एका माणसाची असू शकते, दुसरी ५०१ दुसऱ्याची. एरर मात्र तिन्ही वेळा तीच.

यावर झटपट उपाय आहे: स्किप. एक आज्ञा दिली की रेप्लिका ती घटना सोडून पुढे जाते. गंमत अशी, की बहुतेकदा सोडली जाते ती एकटी नोंद नाही, तर ती ज्यात होती तो अख्खा व्यवहार. त्यात आणखी चार बदल असले तर तेही गेले. डॅशबोर्ड हिरवा होतो आणि रेप्लिका आता रेप्लिका उरलेली नाही हे कुणालाच कळत नाही.

इथे प्रश्न तंत्राचा राहत नाही. थांबलेली रेप्लिका खरं बोलत असते: 'तुझं आणि माझं जुळत नाही.' स्किपने ते जुळत नाही, फक्त बोलणारी गप्प होते. घरात, ऑफिसात 'जाऊ दे, पुढे चला' म्हणून आपण हेच करतो.

पण थांबण्याचीही किंमत असते. २१ ऑक्टोबर २०१८ला गिटहबच्या नेटवर्कचा एक दुवा ४३ सेकंद तुटला. त्यातून अमेरिकेच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरच्या डेटाबेसमध्ये एकमेकांकडे नसलेल्या नोंदी झाल्या. इथे एरर १०६२ची नव्हती, पण पेच तोच: कुणाचं खरं धरायचं? त्यांनी सेवेच्या वेगापेक्षा डेटा जपण्याला महत्त्व दिलं आणि सेवा २४ तास ११ मिनिटं विस्कळीत राहिली. सर्वांत गजबजलेल्या क्लस्टरपैकी एकात न जुळलेल्या नोंदी होत्या ९५४. जगभरचे प्रोग्रामर खोळंबले, ते एवढ्यासाठी?

मला हा निर्णय योग्य वाटतो. खोळंब्याचा त्रास सगळ्यांत वाटला जातो. हरवलेल्या नोंदीचं नुकसान एकट्याच्या वाट्याला येतं, आणि स्किप करायचं ठरतं तेव्हा तो एकटा तिथे नसतो. त्याच्या वतीने 'चालेल' म्हणायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

म्हणून स्किप कधीच करू नये असं नाही. रेप्लिका वापरातून बाजूला काढा, दोन्ही ५०१ शेजारी ठेवून बघा. सारख्या असतील तर खुशाल पुढे जा. वेगळ्या असतील तर कोणती ठेवली, का ठेवली, हे लिहून ठेवा.

टक्कर टाळायची एक युक्तीही आहे: एका सर्व्हरला विषम क्रमांक, दुसऱ्याला सम. मग नवे क्रमांक भिडत नाहीत. पण एकाच माणसाचा पत्ता दोन सर्व्हरवर एकाच वेळी दोन तऱ्हांनी बदलला, तर १०६२ येतच नाही. दोघेही आपापल्या पत्त्यावर ठाम राहू शकतात आणि सगळं सुरळीत दिसतं. भांडण झालं नाही म्हणजे एकमत झालं, असं नसतं.