नवस कोणाचा, त्याग कोणाचा?

संत ज्यूडच्या भक्तांपैकी बऱ्याच जणांनी डॅनी थॉमसची गोष्ट ऐकली असेल. अमेरिकेतला हा लेबनीज वंशाचा कॅथलिक विनोदी नट. पहिले मूल जन्माला यायचे होते आणि हाती पैसा नव्हता. डेट्रॉइटमध्ये मिस्साला गेला असता त्याने खिशातले शेवटचे सात डॉलर दानपेटीत टाकले. दुसऱ्याच दिवशी दहापट पैशांचे काम मिळाले, असे तो सांगे. पुढे त्याने संत ज्यूडला नवस केला आणि १९६२ साली मेम्फिस येथे त्या संताच्या नावाने मुलांचे इस्पितळ उभारून तो फेडला. तेथे कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलाच्या आईबापांना बिल दिले जात नाही. प्रवासाचे नाही, राहण्याजेवणाचेही नाही.

१९३७ साली जन्मलेले ते मूल म्हणजे अभिनेत्री मार्लो थॉमस. ‘दॅट गर्ल’ या मालिकेत (१९६६-७१) तिने एकटी राहून पोट भरणारी तरुणी रंगवली. शेवटी नायिकेचे लग्न लावा, असा आग्रह झाला. तिने तो मानला नाही. लग्न हाच प्रत्येक मुलीच्या गोष्टीचा सुखान्त, असे मुलींना वाटू नये, हे तिचे म्हणणे. (आपल्याकडे हे किती जणांना पटेल, ते सोडा.) भाचीला वाचून दाखवायच्या पुस्तकांत मुलगे आणि मुली ठरावीक साच्यातलेच दिसले, म्हणून १९७२ साली तिने मुलांसाठी गाण्यागोष्टींची ध्वनिमुद्रिका काढली. मुलग्यांनीही रडावे, बाहुलीशी खेळावे, असे त्यात होते.

तिची आई रोझ मेरी रेडिओवर गात असे. संसारासाठी तिने गाणे सोडले. ते पाहून आपल्याला लग्नाची धास्ती वाटे, असे मार्लोने सांगितले आहे. तिने लग्न केले ते १९८० साली, वयाच्या ४२व्या वर्षी.

माझे मन मात्र त्या सात डॉलरांपाशी अडते. बाळंत व्हायची होती रोझ मेरी. पैसे पेटीत पडण्यापूर्वी तिला कोणी विचारले होते का? डॅनीच्या श्रद्धेत मी खोट काढत नाही. पण बापाचे देणे दान ठरले, आणि आईच्या गाण्याला आपण कर्तव्य म्हणून मोकळे झालो. १९९१ साली वडील वारल्यावर इस्पितळासाठी निधी उभारण्याचे काम मार्लोने भावंडांसह पुढे नेले. आईसारखे सोडून द्यायला जी घाबरत होती, तीच मुलगी! पण हे देणे तिने स्वतः निवडले होते.

मार्कच्या शुभवर्तमानातील विधवेने (१२:४१-४४) दोन टोल्या टाकल्या. त्या तिच्या होत्या, टाकणारा हातही तिचाच होता.

१९२५च्या भारतीय वारसा कायद्याने आम्हा ख्रिस्ती कुटुंबांत मुलगा-मुलीचा वाटा सारखा आहे. तरी बहिणीने भावासाठी हक्कसोडपत्रावर सही केली, की तिच्या मोठ्या मनाचे कौतुक होते. सही केली नाही तर माहेर तुटेल, हे तिला ठाऊक असते. कौतुक करणाऱ्यांनाही असते. अशीच एक भगिनी मला म्हणाली, “सही करायला माझी ना नव्हती, फादर. पण मला विचारायच्या आधीच कागद टाइप होऊन आला होता.”