येणं आणि निभावणं

सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली भागांत इंग्रजी संभाषणाचे क्लास जोरात चालतात. तिथे येणारी पुष्कळ मुलं खानदेशातून यंत्रमागाच्या कामासाठी आलेल्या घरांतली. त्यांच्या वहीत झेरॉक्स केलेली एक यादी हमखास सापडते. डावीकडे फ्रेजल व्हर्ब, उजवीकडे अर्थ. 'पुल ऑफ' म्हणजे करू शकणे. 'गेट बाय' म्हणजेही करू शकणे. 'कीप अप' म्हणजे करत राहू शकणे. तीन क्रियापदं एकाच उत्तरात निकालात निघतात, आणि यात काही गैर आहे असं कुणालाच वाटत नाही.

इंग्रजीबद्दलची आपली चर्चा फार ढोबळ झाली आहे. आत्मविश्वास असला की इंग्रजी येतं म्हणणाऱ्यांनी आत्मविश्वासाने चुकणारे पाहिले नसावेत. आधी मातृभाषा पक्की करा हे खरंच आहे, पण तेवढं सांगून शिक्षकाची सुटका होत नाही. माझं भांडण आहे ते तिसऱ्या मताशी: फ्रेजल व्हर्ब हे बोलण्यातले दागिने, जितके चढवाल तितकी भाषा खुलेल.

दागिना उतरवला तरी माणूस तोच राहतो. इथे शब्द उतरवला की विधानच बदलतं. कापड मार्केटमधल्या एखाद्या तरुणाला परदेशी गिऱ्हाइकाला सांगायचं आहे, की मागचा माल ऐन गर्दीतही आम्ही वेळेत पोहोचवू शकलो. यादीच्या हिशेबाने तो म्हणतो, 'वी कुड डिलिव्हर'. यातून पोहोचवण्याची ताकद होती एवढं कळतं, माल पोहोचला का ते कळत नाही. एकदाच घडलेल्या, तडीस गेलेल्या गोष्टीसाठी होकारार्थी वाक्यात इंग्रजी सहसा 'कुड' वापरत नाही. तिथे 'मॅनेज्ड टू' येतं, नाहीतर 'वी पुल्ड इट ऑफ'. नकारात मात्र 'कुडन्ट' खुशाल चालतं, कारण जे जमलं नाही त्याचा निकाल 'नाही' म्हणताच लागलेला असतो.

दागिनेवाले यावर म्हणतील, मग तेही यादीत घालू. पण यादी अर्थ सांगते, अर्थाची जागा सांगत नाही. 'गेट बाय' मध्ये काम भागवल्याची कबुली आहे, 'पुल ऑफ' मध्ये अवघड काम तडीस नेल्याचा अभिमान. मुलाखतीत 'आय कॅन गेट बाय इन इंग्लिश' म्हणणारा आपली मर्यादा प्रामाणिकपणे सांगत असतो. यादी पाठ केलेल्याला वाटतं, आपण फुशारकी मारली.

सगळीच फ्रेजल व्हर्ब क्षमतेची नसतात, हे मान्य. 'मेक आउट' पाहा. अंधुक पाटी वाचता येत नाही असं सांगताना ते 'कान्ट' चा हात धरूनच येतं. एखादं काम झेपण्याजोगं आहे असं सांगणाऱ्या 'अप टू' ला तर काटेकोर वैयाकरण फ्रेजल व्हर्ब म्हणणारच नाहीत. तरीही मुद्दा तोच उरतो. अंगात असलेली क्षमता वेगळी आणि प्रसंगाला उतरलेली क्षमता वेगळी. 'कॅन' पहिलीचं काम चोख करतं. दुसरीसाठी इंग्रजी बोलणारा पुष्कळदा या जोडक्रियापदांकडे वळतो.

आणि ही वाटणी आपल्या मुलांना नवी नाही. 'मला पोहता येतं, पण आज पोहवत नाही' हे वाक्य घरातलं कुणीही बोलतं. येणं, जमणं, झेपणं, पेलणं, निभावणं यांत गल्लत झाली तर पोरं हसतील. सुरतेत त्यात गुजरातीची भर पडते. 'तमने गुजराती आवडे छे?' हा प्रश्न नव्याने आलेल्या मराठी माणसाला आवडीचा वाटतो. विचारलेलं असतं, गुजराती येते का? पुढे त्याला 'फावे' भेटतो, आणि येणं व सोयीने जमणं यांतला फरक तो बाजारातच शिकतो. एवढी सामग्री घेऊन क्लासात आलेल्या मुलाला आपण कोरी पाटी समजतो, हा त्या यादीचा सगळ्यात मोठा गुन्हा.

हे शहर भाषेच्या बाबतीत इतकं आळशी नव्हतं. 1836 साली मराठीचं व्याकरण छापणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर पुढे इथेच इंग्रजी शिकवत होते. 1844 मध्ये समाजसुधारक दुर्गाराम मेहताजींबरोबर मानवधर्म सभा ही सुधारणावादी संस्था उभारणाऱ्यांत तेही होते. मराठीचा वैयाकरण सुरतेत इंग्रजीचा मास्तर होता, यात त्या काळी कुणाला विसंगती दिसली नाही. आज इंग्रजीच्या तासाला मराठी व्याकरणाचं नाव काढलं तर वेळ फुकट घालवल्याचा आरोप होतो.

म्हणून शिक्षकांना एक विनंती. अर्थांची यादी बाजूला ठेवा. मुलाला आधी त्याच्या भाषेत विचारा: हे तुला येतं, आज तुला झेपतं, की तू त्या दिवशी कसंबसं निभावलंस? तो अचूक उत्तर देईल. इंग्रजी क्रियापद त्यानंतर सांगा.