पदपथाची वाटणी

आम्ही पुण्यात शिकत होतो तेव्हा सायकल हेच त्या शहराचे वाहन होते. प्राध्यापक, कारकून, परिचारिका, पोस्टमन सारे सायकलीवरून जात. चर्चच्या कुंपणाला सायकली टेकवून मिस्सेला धावत जाणारे धर्मग्रामस्थ आम्हांला आजही आठवतात. पुढे स्कूटरी आल्या, मोटारी आल्या आणि सायकल कडेला पडली. आता तिला मानाने परत बोलाविण्याची भाषा होत आहे. २०१७ साली शहराचा सायकल आराखडाही मंजूर झाला. पण तिला बसवायचे कुठे? जंगली महाराज रस्त्यावर पदपथच रुंद करून सायकलीला वेगळी पट्टी दिली गेली, हे चांगले झाले. इतर काही ठिकाणी मात्र आहे त्याच पदपथावर सायकलचे चित्र रंगवून पादचारी आणि सायकलस्वार यांचा संसार एकत्र मांडून देण्यात आला.

अशाच एका पदपथावरून गेल्या वर्षी आम्ही आमच्या थोरल्या भगिनीसह चाललो होतो. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे, दृष्टी अधू. मागून घंटी वाजली. त्या दचकून डावीकडे सरकल्या आणि सायकलवाला मुलगाही नेमका डावीकडेच वळला. दोघेही पडली. बहिणीचे मनगट दुखावले. मुलाच्या पाठीवर घरोघरी जेवण पोहोचविण्याची पेटी होती. तिच्यातली आमटी फरशीवर पसरली. आम्ही त्याला नको तितके बोललो. त्याने आधी बहिणीचा चष्मा उचलून दिला, मग सायकल उभी केली आणि एवढेच म्हणाला, "काका, खाली गेलो तर बस घासून जाते, वर आलो तर तुम्ही रागावता. मग सायकल चालवायची तरी कुठं?"

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. आपल्या वाट्यातले दुसऱ्याला द्यावे, हे आपण लहानपणापासून शिकत आलो. मग पादचाऱ्याने सायकलस्वाराला थोडी जागा दिली तर बिघडले कुठे? शांत बागेत, नदीकाठच्या प्रशस्त वाटेवर काहीच बिघडत नाही. तिथे माणसे थोडी आणि जागा उदंड असते. गर्दीच्या पदपथाची गोष्ट निराळी. चालणारा ताशी चार-पाच किलोमीटर जातो, सायकल सहज पंधराने येते, आणि ती येते पाठीमागून. बहिरा, आंधळा, मूल, गरोदर स्त्री यांनी सतत मागे वळून पाहत चालावे काय? शिवाय वाटणारा स्वतःच्या ताटातले वाटतो तेव्हा ते औदार्य ठरते. इथे वाटणाऱ्याने स्वतःच्या ताटाला हातही लावलेला नाही.

याबाबत जपानचा अनुभव बोलका आहे. तिथे १९७० साली रस्त्यांवर १६,७६५ माणसे दगावली. मोटारींच्या त्या लोंढ्यातून सायकलस्वारांना वाचविण्यासाठी त्याच वर्षी कायदा बदलून त्यांना ठरावीक पदपथांवर चढण्याची मुभा देण्यात आली. हेतू प्राण वाचविण्याचाच होता, हे नाकारता येत नाही. पण तात्पुरती सोय अंगवळणी पडली. सायकल हे वाहन आहे, तिची मूळ जागा रस्त्यावर आहे, असे २०११ साली तिथल्या पोलीस खात्याला नव्याने बजावावे लागले. चाळीस वर्षांत एक पिढी पदपथावर सायकल चालवीत म्हातारी झाली होती.

हे वाचताना आम्हांला शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकातला नाथान संदेष्टा आठवला. श्रीमंताकडे मेंढरांचे कळप होते. गरिबाकडे एकच कोकरी; ती त्याच्या ताटात जेवे, त्याच्या कुशीत निजे. श्रीमंताकडे पाहुणा आला, तेव्हा त्याने आपल्या कळपाला धक्का न लावता गरिबाची कोकरी कापली. पाहुणा वाईट नव्हता, त्याला जेवू घालणेही गैर नव्हते. प्रश्न होता तो कोकरी कोणाची, एवढाच. मोटारींना सारा रस्ता आणि वर दोन्ही कडा उभ्या राहायला. आणि सायकल नावाचा पाहुणा आला की सुरी चालते ती चालणाऱ्याच्या अडीच हातांवर! भांडण मात्र जुंपते आजीचे आणि जेवण पोहोचविणाऱ्या मुलाचे.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनाअडथळा पदपथ हा संविधानाच्या २१व्या कलमाने दिलेल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ख्रिस्तसभेनेही २००७ साली रस्त्याविषयी मार्गदर्शन करताना दहा आज्ञा दिल्या. मोटार ही सत्ता गाजविण्याचे साधन होऊ नये, असे त्यांतली पाचवी सांगते आणि रस्त्यावर दुर्बळाला जपावे, असे नववी. दुर्बळ कोण, हे मात्र प्रत्येक ठिकाणी उभे राहून पाहावे लागते. मोटारीपुढे सायकलस्वार दुर्बळ, सायकलीपुढे पादचारी. उतरंडीच्या तळाशी असलेल्याकडून घेऊन मधल्याला द्यायचे आणि वरच्याला विचारायचेही नाही, ही वाटणी आम्हांला न्यायाची वाटत नाही. सायकलीला जागा हवी, नक्कीच हवी. ती मोटारीच्या वाट्यातून काढावी. एक मोटार जिथे उभी राहते तिथे दहाएक सायकली सहज मावतात.

नाथानची गोष्ट ऐकून दावीद राजा संतापला आणि त्या श्रीमंताला मरणाची शिक्षा द्यायला निघाला. तो माणूस तूच आहेस, असे नाथानने त्याला सुनावले ते त्यानंतर.

त्या दिवशी मनगटाला पट्टी बांधून बहिणीला ज्या मोटारीत बसविले, ती आमचीच होती. पदपथाला लागून, रस्त्याच्या कडेला, सकाळपासून ती उभी होती. सायकलीची पट्टी आखायची झाली तर नेमकी तिथेच आखावी लागेल. दोन वर्षांपूर्वी त्या रस्त्यावरची मोटारी उभ्या करण्याची जागा कमी करण्याची सूचना पुढे आली होती, तेव्हा रहिवाशांनी विरोधाचे निवेदन काढले. त्यावर आमचीही सही आहे.